दुकानाचं सॉफ्टवेअर नव्या सर्व्हरवर नेताना काय काय होतं? श्रीरामपूरमधला माझा अनुभव

नवा फोन घेतला की आपण काय करतो? जुना फोन शेजारी ठेवतो, सगळा डेटा इकडून तिकडे ओढतो, आणि तासाभरात फोटो, नंबर, मेसेज जागेवर. मग यूपीआयचं अ‍ॅप उघडतो तर ते आपल्याला ओळखतच नाही. सिमवरून पुन्हा एसएमएस पाठवा म्हणतं. डेटा आला, पण त्या अ‍ॅपची गाठ जुन्या फोनशी बांधलेली होती.

मी श्रीरामपुरात लहान-मोठ्या व्यापाऱ्यांचे कॉम्प्युटर आणि सर्व्हर सांभाळतो. 2025 च्या मे महिन्यात एका खत-बियाण्यांच्या होलसेल दुकानाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर मी एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर नेलं. मुख्य दुकान श्रीरामपुरात, शाखा राहुरीला आणि बेलापूरला. शेतकऱ्यांची सगळी उधारी त्याच सॉफ्टवेअरमध्ये. खरिपाच्या आधी काम उरकायचं होतं. उरकलं, पण मधल्या एका सकाळी माझ्या पायाखालची जमीन सरकली होती. ते पुढे सांगतोच. आधी हे प्रकरण काय असतं ते बघू.

व्हर्च्युअल मशीन आणि रिमोट डेस्कटॉप

सर्व्हर म्हणजे एक दणकट कॉम्प्युटर. त्यावर एकच विंडोज टाकलं तर त्याची बरीचशी ताकद पडून राहते. म्हणून आधी 'हायपरवायझर' नावाचं सॉफ्टवेअर टाकतात. ते एका कॉम्प्युटरमध्ये अनेक खोटे कॉम्प्युटर तयार करतं, वाड्यातल्या खोल्या वेगवेगळ्या भाडेकरूंना दिल्यासारखे. प्रत्येकाचं विंडोज वेगळं, डिस्क वेगळी, आयपी अ‍ॅड्रेस वेगळा. गंमत म्हणजे अशा खोट्या कॉम्प्युटरची अख्खी डिस्क ही फक्त एक मोठी फाईल असते. फाईल म्हटली की कॉपी करता येते, आणि याच कॉपीने पुढे माझा घात केला.

रिमोट डेस्कटॉप त्याहून सोपं. राहुरीच्या काउंटरवर बसलेल्या ताईंना जे सॉफ्टवेअर दिसतं ते चालतं श्रीरामपूरच्या सर्व्हरवर. राहुरीला येतं फक्त स्क्रीनचं चित्र, व्हिडिओ कॉलसारखं. इकडून जातात कीबोर्डची बटणं आणि माऊसचे क्लिक. त्यामुळे शाखेत साधा जुना पीसी असला तरी भागतं, आणि मध्येच इंटरनेट गेलं तरी अर्धी भरलेली पावती सर्व्हरवर तशीच उघडी राहते.

बदलायची गरज का पडली?

या दुकानात व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय चालू होतं. उत्तम चीज, वर्षानुवर्षं कुरकुर नाही. पण ब्रॉडकॉम कंपनीने मे 2022 मध्ये सुमारे 61 अब्ज डॉलरला व्हीएमवेअर घेण्याचं जाहीर केलं आणि नोव्हेंबर 2023 मध्ये व्यवहार पूर्ण झाला. डिसेंबर 2023 मध्ये एकदाच पैसे भरून कायमचं मिळणारं लायसन्स विकणं बंद झालं, आता फक्त सबस्क्रिप्शन. रिमोट डेस्कटॉपचा 'होरायझन' हा विभाग वेगळा विकला गेला, तो 2024 पासून ऑम्निसा या नावाने चालतो. म्हणजे दुकानातल्या एका सर्व्हरसाठी आता दोन कंपन्यांकडे जायचं.

जुनं कायमचं लायसन्स असेल तर सर्व्हर काही बंद पडत नाही. पण आमच्या 7 व्या आवृत्तीचा सपोर्ट 2 ऑक्टोबर 2025 ला संपणार होता, त्यानंतर सुरक्षेचे अपडेट नाहीत. मालकांनी सबस्क्रिप्शनचं कोटेशन बघितलं आणि एवढंच म्हणाले, "दादा, एवढ्यात एक ट्रक युरिया येईल."

मग प्रॉक्समॉक्स निवडलं. ही व्हिएन्नातली कंपनी, सॉफ्टवेअर ओपन सोर्स, वापरायला लायसन्सचे पैसे लागत नाहीत. हवा असेल तर सपोर्ट विकत घ्यायचा. आतमध्ये चालतं केव्हीएम, जे 2007 पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. आणि 2024 मध्ये त्यांनी ईएसएक्सआयवरून मशीन थेट ओढून आणायची सोय दिली, त्यामुळे काम खूपच हलकं झालं.

रविवारचं काम

शनिवारी संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर आधी डेटाबेसचा बॅकअप घेतला आणि तो दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघितला. न उघडलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

मग जुन्या मशीनमधून व्हीएमवेअर टूल्स काढून टाकली. हे जुन्या घरात असतानाच करायचं, नंतर ती निघायला त्रास देतात. आयपी अ‍ॅड्रेस कागदावर लिहून घेतला: 192.168.1.10. मशीन नीट शटडाउन केलं. प्रॉक्समॉक्समध्ये जुन्या सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड दिला, यादीतून मशीन निवडलं, 'इम्पोर्ट' दाबलं आणि चहाला गेलो.

परत येऊन मशीन चालू केलं तर निळा स्क्रीन. घाबरायचं कारण नसतं. प्रॉक्समॉक्सची वेगवान खोटी डिस्क वाचायला 'व्हर्टआयओ' नावाचा ड्रायव्हर लागतो आणि तो विंडोजमध्ये आधीपासून नसतो. म्हणून विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. उपाय असा: मूळ डिस्क तात्पुरती साटा म्हणून जोडायची, विंडोज उठतं. मग ड्रायव्हर टाकायचे, एक जीबीची रिकामी डिस्क नव्या पद्धतीने जोडायची म्हणजे विंडोज तो ड्रायव्हर खरोखर वापरायला लागतं. पुन्हा शटडाउन, मूळ डिस्क नव्या पद्धतीवर, बूटचा क्रम तपासायचा, आणि चालू. नेटवर्क कार्डही नवं दिसतं, त्यामुळे आयपी अ‍ॅड्रेस पुन्हा हाताने टाकावा लागतो.

ही झाली डेटाबेसची मशीन. रिमोट डेस्कटॉपची मात्र मी उचलून आणली नाही. आधी प्रत्येक काउंटरसाठी वेगळं खोटं विंडोज होतं. आता एकच विंडोज सर्व्हर आणि त्यात सगळे आपापल्या लॉगिनने, म्हणजे मायक्रोसॉफ्टची रिमोट डेस्कटॉप सर्व्हिस. इथे एक सापळा आहे. सुरुवातीचे 120 दिवस ती लायसन्सशिवाय चालते, म्हणून लोक विसरतात, आणि ऐन हंगामात 121 व्या दिवशी कुणालाच लॉगिन होत नाही. आम्ही लायसन्स पहिल्याच दिवशी टाकली.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स जुन्या मशीनशी बांधलेलं होतं, यूपीआयसारखंच. ते आधी जुन्या ठिकाणी परत करायचं आणि मग नव्या ठिकाणी घ्यायचं. आधी जुनी मशीन पुसून टाकली असती तर कंपनीला फोन करत बसावं लागलं असतं.

किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टींनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. एक, शेतकऱ्यांची नावं जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये होती. नव्या सर्व्हरवर तो फाँट नव्हता, त्यामुळे अख्खी खतावणी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायला लागली. फाँट टाकल्यावर नावं परत आली. दुसरी गोष्ट डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. रिमोट डेस्कटॉप आपला 'ईझी प्रिंट' ड्रायव्हर वापरतो, तो पावतीचं चित्र करून पाठवतो, आणि बिचारा प्रिंटर एकेक ओळ रांगोळी काढल्यासारखी काढतो. ईझी प्रिंट मागे ठेवून प्रिंटरचा मूळ ड्रायव्हर सर्व्हरवर टाकला, तेव्हा खर्रकन पावती आली.

शाखांना जोडायला वायरगार्डचं व्हीपीएन. रिमोट डेस्कटॉपचं 3389 नंबरचं पोर्ट थेट इंटरनेटवर उघडं ठेवणारे अजून भेटतात. रॅन्समवेअरवाल्यांना ते आयतं दार आहे. मालकांच्या फोनवर वायरगार्ड आणि मायक्रोसॉफ्टचं विंडोज अ‍ॅप टाकून दिलं, ते घरून स्टॉक बघतात.

मंगळवार

सोमवार छान गेला. 36 पावत्या, 2281 ते 2316. मी निवांत झोपलो.

रात्री वळवाचा पाऊस आला आणि लाईट गेली. यूपीएस संपला, दोन्ही सर्व्हर बंद पडले. हो, दोन्ही. जुना सर्व्हर मी 'काही झालंच तर' म्हणून पंधरा दिवस ठेवला होता, तसाच जोडलेला. पहाटे लाईट आली आणि दोन्ही आपोआप उठले. जुन्या ईएसएक्सआयमध्ये मशीन आपोआप चालू करायची सेटिंग मी बंद केलीच नव्हती. जुनी डेटाबेस मशीन आधी उठली आणि तिने 192.168.1.10 हा पत्ता घेतला. नवी मागून आली, तिला दिसलं की पत्ता दुसऱ्या कुणाकडे आहे, आणि विंडोजने तिला 169.254 ने सुरू होणारा निरुपयोगी पत्ता देऊन बाजूला बसवलं. बाकी नाव तेच, पासवर्ड तोच. सॉफ्टवेअर बिनतक्रार जुन्या डेटाबेसला जोडलं गेलं. एकही एरर नाही!

साडेनऊला राहुरीहून ताईंचा फोन. "दादा, काल शेवटची पावती मीच फाडली, 2316 ची. आज 2281 कशी काय आली?"

तोवर तिन्ही काउंटर मिळून 14 पावत्या झाल्या होत्या, 2281 ते 2294. सोमवारी ज्यांनी उधारी भरली त्यांच्यातल्या 14 जणांच्या हातातले नंबर मंगळवारी दुसऱ्या 14 जणांच्याही हातात. शिवाय सोमवारी पैसे भरलेले सगळे या डेटाबेसमध्ये अजून थकबाकीदार. त्यांच्यातला कुणी खत घ्यायला आला असता तर काउंटरवरच्या पोराने भरलेले पैसे पुन्हा मागितले असते.

मी सगळ्यांना लॉगआउट करायला लावलं. जुन्या डेटाबेसमधल्या त्या 14 पावत्यांची यादी छापून घेतली, मगच जुनी मशीन बंद केली. डिलीट केली नाही. नव्या मशीनला तिचा पत्ता परत दिला आणि 14 पावत्या 2317 पासून पुन्हा भरल्या. दोन काउंटरच्या रोख रकमेशी ताळा लागला, तिसऱ्याचा दुपारी लागला. मग त्या 14 जणांना ताईंनी आणि मी फोन केले, जुनी पावती आणून द्या, नवी घ्या. तेरा जण त्या आठवड्यात आले. एक आजोबा जूनमध्ये आले, घडी घातलेली 2288 घेऊन. त्यांना आधी सोमवारच्या 2288 वाल्याचं खातं दाखवलं गेलं आणि ते चांगलेच भडकले. त्यांचं बरोबरच होतं.

व्हॉट्सअ‍ॅप नव्या फोनवर चालू केलं की जुन्यावरचं आपोआप बंद होतं. सर्व्हरच्या जगात असं कुणी बघत नाही, ते माझं काम होतं. आता मशीन इम्पोर्ट झाली की मी त्याच मिनिटाला तीन गोष्टी करतो: जुन्या मशीनची आपोआप चालू व्हायची सेटिंग बंद, तिचं खोटं नेटवर्क कार्ड तोडलेलं, आणि जुन्या सर्व्हरची खरी केबल उपटून खिशात. जुन्यातलं काही बघायची वेळ आलीच तर मॉनिटर जोडून तिथेच बसून बघायचं.

तो जुना सर्व्हर ऑडिट होईपर्यंत दुकानात ठेवायचं ठरलं. युरियाच्या गोण्यांपासून लांब ठेवा एवढं मालकांना सांगितलंय.