स्वयंचलित मस्टँगला हस्तचालित गिअरपेटी

फोर्ड कंपनीने एप्रिल १९६४ मध्ये बाजारात आणलेल्या मस्टँग मोटारींपैकी अनेकींत ‘सी-४’ नावाची तीन गतींची स्वयंचलित गिअरपेटी होती. तिच्या जागी चार गतींची ‘टॉपलोडर’ पेटी बसविणारे हौशी मालक आजही आढळतात. एक पेटी उतरवून दुसरी चढविली की काम झाले, ही समजूत मात्र यथार्थ नव्हे. जुनी यंत्रणा जी कामे मूकपणे करीत होती ती आता कोणी करावयाची, हा खरा प्रश्न होय.

स्वयंचलित गाडीत इंजीन व पेटी यांमध्ये तेलाच्या प्रवाहाने शक्ती वाहून नेणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो. गाडी निघताना तो परिबल, म्हणजे फिरविणारा जोर, जवळजवळ दुप्पट करतो. सी-४ च्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.४६ असल्याने आरंभी इंजिनाच्या सुमारे पाचपट परिबल पेटीतून बाहेर पडते. विस्तृत गुणोत्तराच्या टॉपलोडरमध्ये ते २.७८ पटच राहते. क्लच घसरवून ही तूट भरून निघत नाही. घर्षण वेगांतील तफावत सांभाळते, परिबल वाढवीत नाही. म्हणून मागील आसाचे गुणोत्तरही तपासावे लागते. याकडे सहसा दुर्लक्षच होते.

त्याहून घातक चूक फ्लायव्हीलची. या गाडीच्या २८९ घन इंची इंजिनाचा तोल बाहेरून साधलेला असून, त्यासाठी फ्लायव्हीलवर २८ औंस-इंच इतका असमतोल मुद्दाम ठेवलेला असतो. त्याच कुळातील ३०२ घन इंची इंजिनात १९८२ पासून तो ५० करण्यात आला. नव्या मोटारीचे फ्लायव्हील जुन्या इंजिनावर सहज बसते, आणि तेथेच फसगत होते. २२ औंस-इंचांच्या फरकामुळे मिनिटाला ४००० फेऱ्यांना सुमारे २८० किलोग्रॅम भाराइतके बल क्रँकशाफ्टच्या टोकाला प्रत्येक फेरीत सर्व दिशांनी ओढीत राहते. बेअरिंगांची काय अवस्था होईल, हे निराळे सांगावयास नको.

क्लचचे पेडल व त्याची दांडीजोड, क्रँकशाफ्टच्या टोकातील पायलट बेअरिंग, प्रॉपेलर शाफ्टची लांबी या बाबी कटकटीच्या खऱ्या, पण गूढ नव्हेत. स्टार्टरचे मंडल मात्र पूर्वी ‘पार्क’ व ‘न्यूट्रल’ याच स्थितींत जुळत असे. तो स्विच नुसता तारेने जोडून टाकल्यास गाडी गिअरमध्ये असतानाही स्टार्टर फिरतो व ती पुढे झेपावते. तेव्हा क्लचच्या पेडलावर नवा स्विच बसवावा. शिवाय ‘पार्क’चा खटकाही गेलेला असतो. उतारावर गाडी थोपविण्याचा भार यापुढे मुख्यतः हातब्रेकवर येत असल्याने, त्याची जुनी केबल याच वेळी बदलून घ्यावी.