टॉर्कच्या पट्ट्यात तर्काची पिकअप!

चाकण म्हटलं की काय आठवतं? कंटेनर, ट्रॅफिक आणि कांदा. पिंपरी-चिंचवड म्हटलं की? शिफ्ट, कंपनीची बस, ओव्हरटाइम. आणि तत्त्वज्ञान म्हटलं की? जांभई!

थांबा, जांभई जरा होल्डवर ठेवा. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर 'फिलॉसॉफी टॉक' असं पोस्टर दिसताच कॅन्टीनची वाट धरणाऱ्या तमाम इंजिनिअरिंगकरांसाठी हा खास डोस आहे. कारण 'का?' हा प्रश्न म्हणजे या पट्ट्यातलं सगळ्यात जुनं प्रॉडक्शन. एमआयडीसी तर परवा-परवाची, १९६२ सालची! चला, हेल्मेट चढवा, पहिला गिअर टाकूया.

गुरुवारचा योग

माहीत आहे का, जागतिक तत्त्वज्ञान दिन कधी असतो? नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार. युनेस्कोने तो पहिल्यांदा २००२ साली साजरा केला आणि २००५ साली त्यावर रीतसर शिक्का मारला.

आता दुसरा प्रश्न. भोसरी, पिंपरी, चाकणच्या बहुतेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी कधी? गुरुवारी! म्हणजे बाकीच्या जगाला तत्त्वचिंतनासाठी रजेचा अर्ज टाकावा लागतो आणि आपल्याकडे आपोआप वीकली ऑफ. मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा: २०२६ साली १९ नोव्हेंबर, २०२७ साली १८ नोव्हेंबर. 'कामात होतो' ही सबब बाद.

१२१ वेळा 'नो'

बाइकवाल्यांनो, इकडे लक्ष! 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' हे १९७४ सालचं पुस्तक छापायला १२१ प्रकाशकांनी नकार दिला होता. गिनेसवाल्यांनीही या आकड्याची दखल घेतली. पुढे प्रती खपल्या लाखोंनी.

पण खरी गंमत पुढेच. लेखक रॉबर्ट पर्सिग भारतीय तत्त्वज्ञान शिकायला कुठे आला होता, माहीत आहे का? आपल्या बनारस हिंदू विद्यापीठात! आणि ज्या होंडावर बसून त्याने पुस्तकातला प्रवास केला, ती आता अमेरिकेत स्मिथसोनियन संग्रहालयाच्या ताब्यात आहे. पल्सर आणि केटीएम जिथे तयार होतात त्या चाकणमध्ये कुठल्या कॉलेजला तत्त्वज्ञानाचा टॉक ठेवायचा असेल, तर विषय शोधायची गरजच नाही. तो स्टँडवर लावलेलाच आहे.

मेकॅनिकल ब्रँचचा हुकमी एक्का

'आमचा आणि फिलॉसॉफीचा काय संबंध?' असं मेकॅनिकलच्या मुलांनी विचारायचं नाही. लुडविग विट्गेनस्टाइन हा विसाव्या शतकातला दिग्गज तत्त्वज्ञ. त्याचं पहिलं शिक्षण कशाचं? बर्लिनमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग! मग मँचेस्टरला एरोनॉटिक्स. १९११ साली विमानाच्या प्रोपेलरमधल्या सुधारणेचं पेटंटही त्याच्या नावावर लागलं. मग गणिताच्या पायाशी काय आहे, हा प्रश्न डोक्यात घुसला आणि स्वारी थेट केंब्रिजला, बर्ट्रांड रसेलच्या दारात. बोला, ब्रँच चेंज असावा तर असा!

हेडमास्तरीण नव्हे, मशीन ऑपरेटर

फ्रान्सच्या सिमोन वेल या तत्त्वज्ञान शिकवायच्या. १९३४ साली त्यांनी नोकरीतून रजा घेतली. सहलीला? छे! कारखान्यात मजुरी करायला. कामगाराच्या आयुष्यावर बोलायचं तर आधी ते जगून पाहायचं, हा त्यांचा हट्ट. शेवटचा मुक्काम रेनॉ कंपनीत, मिलिंग मशीनवर. त्या काळात त्यांनी लिहिलेली कारखान्यातली रोजनिशी आजही अभ्यासली जाते. फर्स्ट शिफ्टला जाणाऱ्या प्रत्येकाने हे नाव लक्षात ठेवावं.

आणि भिंगं घासून पोट भरणारा स्पिनोझा? तोही आपलाच, जॉब वर्कवाला!

व्हाय-व्हाय, माय-माय

माहीत आहे का, सॉक्रेटिसचा धंदा चाकणच्या प्रत्येक क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये रोज चालतो? शॉप फ्लोअरवर त्याला 'व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस' म्हणतात. टोयोटाकडून आलेली पद्धत. पाच वेळा 'का' विचारा, दुखण्याचं मूळ सापडेल.

टोयोटाच्या ताइची ओनो यांचं गाजलेलं उदाहरण घ्या. मशीन का थांबलं? फ्यूज उडाला. का उडाला? बेअरिंगला ऑइल कमी पडून लोड वाढला. ऑइल का कमी पडलं? पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा शाफ्ट झिजला होता. का झिजला? गाळणी नव्हती, धातूचा चुरा आत गेला. घ्या, फ्यूज बदलून भागलं नसतं, गाळणी बसवायला हवी होती.

सॉक्रेटिसनेही अथेन्सच्या बाजारात हेच केलं. फरक एवढाच की, त्याला बक्षीस म्हणून विषाचा प्याला मिळाला आणि आपल्या इंजिनिअरला पुढच्या ऑडिटची तारीख मिळते.

पोस्टकार्डवरचा 'का?'

एक देशी 'का?' तर थेट टाटांच्या टेल्को कंपनीवर जाऊन आदळला. नोकरीच्या जाहिरातीत 'महिलांनी अर्ज करू नये' अशी ओळ होती. बंगळूरुला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं: असा भेदभाव का? उत्तर म्हणून पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि नोकरीही मिळाली. विद्यार्थिनीचं नाव सुधा कुलकर्णी, आजच्या सुधा मूर्ती. नीतिशास्त्राचा हा सगळ्यात स्वस्त पेपर: खर्च एक पोस्टकार्ड.

डोंगर वर, एमआयडीसी खाली

चाकण एमआयडीसीच्या फेज टूमधून वर बघितलंय का कधी? शिंदे-वासुलीजवळचा तो भामचंद्र डोंगर. तुकोबांनी जिथे ध्यान लावलं, तोच हा. त्यांच्या एकांताच्या आणखी दोन जागा म्हणजे भंडारा आणि घोरवडेश्वर. तिन्ही डोंगर आज कारखाने आणि हायवे यांच्या गराड्यात. जगातल्या किती इंडस्ट्रियल एरियांना अशी स्कायलाइन लाभलीय?

कोरा पेपर, फुल मार्क्स!

परीक्षेत कोरा पेपर दिला की आपल्या नशिबी केटी. पण चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरं पत्र धाडलं तेव्हा काय झालं? आख्यायिका सांगते, उत्तरादाखल ६५ ओव्या आल्या. हीच ती 'चांगदेव पासष्टी', अद्वैताचा अर्क!

त्याच ज्ञानदेवांच्या आळंदीत १९१७ साली जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था काढली. कोर्स किती वर्षांचा, माहीत आहे का? चार! इंजिनिअरिंगच्या डिग्रीइतकाच. पुढे या परंपरेची धुरा वाहणारे सोनोपंत दांडेकर हे पुण्याच्या एस. पी. कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि नंतर प्राचार्य. दिवसा लेक्चर, रात्री कीर्तन. 'ज्ञानदेव आणि प्लेटो' या दोघांना त्यांनी एकाच पुस्तकात समोरासमोर बसवलं. क्रॉसओव्हर एपिसोड म्हणतात तो हाच!

वॉक अँड टॉक

अ‍ॅरिस्टॉटल चालता-चालता शिकवायचा असं सांगतात, म्हणून त्याच्या पठडीला 'भ्रमंतीवाले' असं नाव पडलं. आपण काय कमी आहोत? तुकोबांचा पालखी सोहळा त्यांचे पुत्र नारायण महाराजांनी १६८५ साली सुरू केला आणि तो आजही आकुर्डीला मुक्काम करून, चिंचवड-पिंपरी मागे टाकत पुण्याकडे जातो. मुंबई-पुणे हायवेवरचं सगळ्यात मोठं चालतं-बोलतं सेमिनार. रजिस्ट्रेशन फी शून्य, सर्टिफिकेट नाही, तरी हाउसफुल्ल!

देहूरोडची तारीख

२५ डिसेंबर १९५४. त्या दिवशी देहूरोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले आणि त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. नागपूरची धम्मदीक्षा १९५६ सालची, म्हणजे देहूरोडची ही घटना त्याच्याही जवळपास दोन वर्षं आधीची! लोकलने जाता-येता 'देहूरोड' ही पाटी वाचताना हे आठवायचं.

थोडं पलीकडे राजगुरुनगरजवळ तिवई टेकडीवर जे. कृष्णमूर्तींच्या विचारांवर चालणारी सह्याद्री स्कूल १९९५ पासून उभी आहे. तुकोबा, बुद्ध, ज्ञानदेव, कृष्णमूर्ती: सगळे एका टाकीच्या पेट्रोलमध्ये!

मिलमालकाची फिलॉसॉफी

कारखानदारी आणि तत्त्वज्ञान यांचं जमत नाही म्हणता? अमळनेरला चला. १९१६ साली गिरणीमालक प्रताप शेठ यांनी तिथे चक्क तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. देशभरातून अभ्यासक येऊन राहायचे. साने गुरुजीही तिथलेच विद्यार्थी! त्या मंदिराच्या इंग्रजी त्रैमासिकाचा वारसा पुढे पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने चालवला. सीएसआर हा शब्द जन्मायच्या कित्येक वर्षं आधीची ही गोष्ट. उद्योगपती मंडळी, ऐकताय ना?

क्रेडिट द्या राव!

आता कॅम्पसमध्ये शिरू. पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ, आकुर्डीत डी. वाय. पाटील इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी, मावळात साते इथे पिंपरी चिंचवड युनिव्हर्सिटी. शिवाय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली कॉलेजं. सगळीकडे कोडिंग, सर्किट, कॅड. मग तत्त्वज्ञान कुठे?

मागच्या दाराने आधीच आत आलंय! एआयसीटीईच्या मॉडेल अभ्यासक्रमात इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी 'युनिव्हर्सल ह्यूमन व्हॅल्यूज' आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर भारतीय ज्ञान प्रणालीचेही क्रेडिट मिळवावे लागतात. म्हणजे 'आनंद म्हणजे काय?' या प्रश्नाला आता चक्क मार्क आहेत. प्लेसमेंटआधी एकदा तरी सोडवून बघा.

ट्रॉली कुठे वळवाल?

स्टुडंट इव्हेंटसाठी रेडिमेड आयटम हवाय? घ्या! ब्रेक फेल झालेली ट्राम पाच जणांकडे सुटलीय. रूळ बदललात तर ते वाचतील, पण दुसऱ्या रुळावरचा एक जण जाईल. बदलणार? फिलिपा फूट यांनी १९६७ साली हा पेच मांडला, तेव्हा तो पुस्तकी वाटला.

मग ड्रायव्हरविना गाड्या आल्या आणि पेच डिझाइन टेबलवर येऊन बसला. एमआयटीच्या 'मॉरल मशीन' या ऑनलाइन प्रयोगात जगभरच्या लोकांनी असे सुमारे ४ कोटी निर्णय नोंदवले. २०१८ साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष आले: देशागणिक उत्तरं वेगळी! गाड्या बनवणाऱ्या पट्ट्यातल्या मुलांनी यावर वाद घालायचा नाही, तर कोणी?

अटेंडन्सचा बादशहा

७५ टक्के हजेरीसाठी धावपळ करणाऱ्यांनो, जेरेमी बेंथमला मुजरा करा. हा तत्त्वज्ञ १८३२ साली गेला, पण त्याच्याच इच्छेनुसार कपडे चढवलेला त्याचा सांगाडा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बसून आहे. डोकं मात्र मेणाचं. २०१३ साली तर त्याला कॉलेज कौन्सिलच्या बैठकीत आणून बसवलं होतं. प्रॉक्सी नाही, साक्षात हजर!

चार तास, एकच प्रश्न

फ्रान्समध्ये बारावीच्या पातळीवरच्या मुलांना तत्त्वज्ञानाचा पेपर असतो. वेळ चार तास. आणि आंतरराष्ट्रीय तत्त्वज्ञान ऑलिंपियाड? १९९३ साली बल्गेरियात सुरू झालेल्या या शालेय स्पर्धेचा नियम भन्नाट आहे: निबंध स्वतःच्या भाषेत लिहायचाच नाही! इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश यांतली परकी भाषा निवडायची. पानभर ई-मेल लिहिताना घाम फुटणाऱ्यांनी कल्पना करावी.

डायरीत टाका

पटापट नोंदी घ्या. एप्रिल-मे: पुण्यातली वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. दीडशे वर्षांचा टॉक शो! आषाढीच्या तोंडावर: पालख्या. नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार: तत्त्वज्ञान दिन. कार्तिक वद्य: आळंदीची यात्रा. आणि लांबचा प्लॅन हवा असेल तर २०२८ साली टोकियोत जागतिक तत्त्वज्ञान परिषद. पहिली भरली होती पॅरिसमध्ये, १९०० साली. पासपोर्ट काढून ठेवा.

शेवटी प्रश्नोत्तरं, सांभाळून!

टॉक संपला की माइक फिरतो आणि सभागृहात अचानक सगळ्यांना बुटाच्या नाड्या आठवतात. अशा वेळी डायोजेनिसला गुरू करा. प्लेटोने व्याख्या केली: माणूस म्हणजे पिसं नसलेला दोन पायांचा प्राणी. टाळ्या पडल्या. डायोजेनिस उठला, एका कोंबडीची पिसं उपटून ती वर्गात घेऊन आला आणि म्हणाला, घ्या, हा प्लेटोचा माणूस! गोष्ट अशी की, मग व्याख्येला शेपूट जोडावं लागलं: 'आणि रुंद नखांचा'. प्लेटोचीसुद्धा डिझाइन रिव्ह्यूमध्ये रिवर्क निघाली!

तेव्हा पुढच्या टॉकला जा, मागच्या बाकावर बसा, एसीत डुलकीही काढा. पण माइक आला की एक तरी 'का?' ठोका. कोंबडी मात्र आणू नका. तिच्यासाठी कॅन्टीन आहे!