साठा मर्यादित, नियम सर्वांना : मोबाईलमधील विजेचे व्यवस्थापन

पावसाळ्यात लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर कोसळणारे पाणी वळवण, लोणावळा आणि शिरोता येथील तलावांत साठविले जाते. तेथून ते सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला उतरते आणि त्यावर वीज निर्माण होते. टाटांचे हे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. तेव्हापासून तेथील मूळ प्रश्न एकच आहे : चार महिन्यांत जमलेला साठा पुढील पावसापर्यंत पुरवायचा, तर पाणी केव्हा व किती सोडावे? आपल्या मोबाईलपुढेही अहोरात्र हाच प्रश्न असतो. तेथे साठा पाण्याचा आहे, येथे बॅटरीतील विजेचा.

हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे, असे आम्हांस वाटत नाही. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातील खेड्यांत पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा घरातला एकमेव मोबाईल हाच वसतिगृहातील मुलाशी बोलण्याचा दुवा असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना येणारा ओटीपीही त्यावरच येतो. नेमक्या वेळी मोबाईल बंद पडला, तर त्याची किंमत कुटुंबाला मोजावी लागते. म्हणून बॅटरी कशाने संपते आणि तिचे रक्षण कोण करते, हे पालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

मोबाईलमधील सर्व अ‍ॅप्सना प्रोसेसर, पडदा, इंटरनेट आणि स्थान शोधण्याची यंत्रणा वाटून देणारी जी मुख्य व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. वीज वाचविण्याचे तिचे मार्ग मुख्यतः दोन. काम हलके असेल तेव्हा ती प्रोसेसरचा वेग आणि त्याला मिळणारा विद्युतदाब कमी करते. विजेचा खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने दाब थोडा उतरला तरी बचत बरीच होते. दुसरा मार्ग निद्रेचा. काम नसेल तेव्हा प्रोसेसर झोपी जातो आणि काम येताच जागा होतो. मोठी बचत या निद्रेतच होते. पडदा बंद असताना मोबाईल जितका सलग झोपेल, तितकी बॅटरी टिकते.

बेशिस्त अ‍ॅप नेमकी हीच झोप मोडते. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपला ‘वेकलॉक’ नावाचा, म्हणजे मोबाईल जागा ठेवण्याचा, परवाना घेता येतो. गाणे वाजत असताना किंवा फाईल उतरत असताना तो आवश्यकच असतो. परंतु काम संपल्यावरही अ‍ॅपने परवाना परत केला नाही, तर खिशातला मोबाईल उगाच जागा राहतो. काही अ‍ॅप्स विनाकारण सतत आपले स्थान विचारत राहतात. आमच्या डोंगराळ भागात आणखी एक दोष फार जाणवतो. रेंज नसताना सुजाण अ‍ॅप एकदा प्रयत्न करते, मग थांबते आणि दर वेळी हे थांबणे वाढवीत नेते. बेशिस्त अ‍ॅप मात्र क्षणोक्षणी दार ठोठावत राहते. क्षीण रेंजमध्ये मोबाईलला आधीच अधिक शक्तीने संदेश पाठवावा लागतो; त्यात ही भर पडते.

अशा अ‍ॅपला आवर घालण्याचा इतिहास उद्बोधक आहे. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये प्रत्येक प्रोग्रॅमने आपले काम झाले की स्वतःहून प्रोसेसर सोडावा, अशी अपेक्षा होती. सारी मदार सौजन्यावर. एकाने ताबा सोडला नाही की सगळा संगणक ठप्प! विंडोज ९५ पासून नव्या प्रोग्रॅम्सच्या बाबतीत प्रोसेसर काढून घेण्याचा अधिकार प्रणालीकडे आला. मोबाईलमध्येही हीच वाटचाल झाली. आयफोनने पडद्याआडच्या कामावर आरंभापासून कडक मर्यादा ठेवली; अँड्रॉइडने मात्र आरंभी अ‍ॅप्सना बरीच मोकळीक दिली होती. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये ‘डोझ’ ही सोय आली. पडदा बंद आणि मोबाईल स्थिर असेल, तर प्रणाली सर्वांची किरकोळ कामे रोखून धरते आणि अधूनमधून थोडा वेळ देऊन ती एकदम उरकून घेते. पुढच्याच वर्षी खिशातून फिरणाऱ्या मोबाईललाही या नियमाचा काही भाग लागू झाला. २०१७ मध्ये पडद्याआडच्या कामांवर मर्यादा आल्या आणि २०१८ पासून अ‍ॅपचा वापर किती होतो, हे पाहून त्याला सवलत मिळू लागली.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. सामायिक साठा केवळ सदिच्छेवर टिकत नाही. त्याला सर्वांना बांधणारा नियम लागतो. मात्र नियम कडक असला की तो न्याय्य असतोच असे नाही. गजर, फोन आणि तातडीचे संदेश यांना डोझमध्येही वाट मोकळी असते, ती याच जाणिवेतून. काही मोबाईलमध्ये बॅटरी वाचविण्याच्या नादात उपयोगी अ‍ॅपही बंद केले जाते आणि संदेश तासन्‌तास उशिरा पोहोचतो. खऱ्या गरजेला अपवाद देणे हा चांगल्या नियमाचाच भाग आहे.

अखेरचा अधिकार मोबाईलच्या मालकाचा आहे आणि तो त्याने वापरला पाहिजे. सेटिंग्जमधील ‘बॅटरी’ या भागात कोणत्या अ‍ॅपने किती वीज खर्च केली, याचा हिशेब असतो. जे अ‍ॅप आपण क्वचित उघडतो, पण जे यादीत वरच्या स्थानी दिसते, त्याच्यावर तेथूनच निर्बंध घालावा किंवा ते काढून टाकावे. उलट, ज्या अ‍ॅपचे संदेश वेळेवर हवेत, त्याला तेथेच सूट द्यावी. नेहमीची अ‍ॅप्स दर वेळी झटकून बंद करू नयेत. ती पुन्हा नव्याने सुरू करण्यात अधिक वीज जाते. ‘बॅटरी वाचवा’ म्हणणारी अनोळखी अ‍ॅप्स तर घेऊच नयेत. पुष्कळदा तीच पडद्याआड चालत राहतात.

आमचे काही माजी विद्यार्थी आज सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहेत. त्यांच्याकडे आमचे एक मागणे आहे. आपण लिहिलेला प्रोग्रॅम एकदा जुन्या, स्वस्त मोबाईलवर, रेंज येत-जात असलेल्या ठिकाणी चालवून पाहावा. त्याने घेतलेला परवाना तो परत करतो का, हे तपासावे. एखाद्या घरातील एकमेव मोबाईल संध्याकाळपर्यंत चालू राहणे हे आपल्या दोन ओळींवर अवलंबून असू शकते.