प्रवास नऊ महिन्यांचा, तयारी तीन वर्षांची



मागच्या रविवारी वर्गात एका मुलाने विचारले, "आपली स्वतःची बोट असेल, तर उद्याच जगप्रवासाला निघता येईल का?" निघता येईल, पण सुखरूप परत येण्याची खात्री देता येणार नाही. ते का, हे आज पाहू.

भारतीय नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे हे शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजी मुंबईला परत पोचले. वाटेत ते फक्त चार बंदरांत थांबले. प्रवास नऊ महिन्यांचा होता, पण तयारी २००६ सालीच सुरू झाली होती. त्यांची ५६ फुटी 'म्हादई' बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. बांधकामावर दोंदे स्वतः लक्ष ठेवून होते, त्यामुळे बोटीचा कोपरान् कोपरा त्यांच्या ओळखीचा झाला. भर समुद्रात मेकॅनिक बोलावता येत नाही; आपणच मेकॅनिक व्हावे लागते. मोठ्या प्रवासाआधी त्यांनी मॉरिशसहून गोव्यापर्यंत बोट एकट्याने आणूनही पाहिली.

आता समजा, इथले एखादे चौघांचे कुटुंब वर्ष-दोन वर्षांसाठी बोटीने निघाले आहे. त्यांनी काय काय करावे?

पहिली तयारी बोटीची. डोलकाठी, तिला धरून ठेवणाऱ्या तारा, शिडे, सुकाणू, नांगर हे सगळे तपासायचे आणि सुटे भाग बरोबर घ्यायचे. मग पाणी. गालापागोस ते मार्केसास बेटे हे अंतर सुमारे ३,००० सागरी मैल आहे. बोट दिवसाला १२० मैल गेली, तर २५ दिवस लागतील. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर धरले, तर चौघांना किती पाणी लागेल? ४०० लिटर! शिवाय वारा पडला तर काय, म्हणून वर थोडे जास्त. स्वयंपाकघरात आपला प्रेशर कुकर फार उपयोगी. इंधन वाचते आणि बोट हेलकावली तरी झाकण उडत नाही. ताजी भाजी संपली की मुगा-मटकीला मोड आणावेत. मोडांत 'क' जीवनसत्त्व असते. ते न मिळाल्याने पूर्वी खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई आणि कित्येक जण दगावत.

दुसरी तयारी संकटाची. संकटात उपग्रहाला हाक मारणारे 'इपर्ब' नावाचे यंत्र बोटीवर हवेच. अमेरिकेत त्याची नोंदणी 'नोआ' या सरकारी संस्थेकडे फुकट होते आणि ती दर दोन वर्षांनी नवी करावी लागते. त्यात घरच्या माणसाचा फोन नंबर असतो. सप्टेंबर २०१८ मध्ये अभिलाष टॉमी यांच्या बोटीची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. त्यांना हलताही येत नव्हते. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. आधीपासून सज्ज ठेवलेली साधने अशा वेळी जीव वाचवतात.

तिसरी तयारी कागदांची. बोटीचे राष्ट्रीयत्व दाखवणारी कोस्ट गार्डची नोंदणी फक्त अमेरिकन नागरिकांना मिळते. ग्रीन कार्डवाल्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. परदेशी बंदरांत जायचे तर बोटीवरच्या रेडिओचा परवाना लागतो. सोळा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षे चालतो, म्हणून तारखा पाहाव्यात. नव्या देशात शिरताना पिवळा झेंडा लावायचा आणि अधिकाऱ्यांची परवानगी मिळाली की उतरवायचा. नागरिक कुठेही असो, अमेरिकेचा आयकराचा फॉर्म भरावाच लागतो. मुलांना घरी शिकवण्याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे असतात.

शेवटची तयारी घरची, आणि तीच सर्वांत अवघड. मृत्युपत्र, बँकेच्या व्यवहारांसाठी विश्वासू माणसाला मुखत्यारपत्र, टपाल कोण उघडणार, दातांची तपासणी, औषधांचा साठा हे सगळे यादी करून उरकता येते. पण पुण्याला आजी आजारी पडली तर? मध्यरात्री वाजणारा फोन आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. इथून निदान दुसऱ्या दिवशीचे विमान धरता येते. समुद्रात मात्र जवळचे बंदरही पंधरा दिवसांवर असू शकते. म्हणून निघण्याआधीच आजीशी आणि भावाबहिणींशी मोकळेपणाने बोलावे. दवाखान्यात कोण नेईल, खर्च कोण करील, आपल्याला केव्हा कळवायचे, हे ठरवावे. "आजी, तेव्हा आम्हाला येता येणार नाही कदाचित," हे वाक्य तोंडातून निघत नाही. पण ते किनाऱ्यावर असतानाच बोलायला हवे. आजीनेच "जा, पण फोन करत राहा" म्हटले, तर शीड उभारताना मन हलके राहील.

शब्दार्थ: शीड – वारा धरणारे कापड. डोलकाठी – शीड बांधायचा खांब. सुकाणू – बोट वळवायचे साधन. नांगर – बोट एका जागी धरून ठेवणारा लोखंडी आकडा.

घरचा अभ्यास: बोटीत प्रत्येकाला एकच लहान पेटी नेता येते. तुम्ही तिच्यात काय ठेवाल? दहा वस्तू मराठीत लिहून पुढच्या रविवारी आणा. पालकांनी आपली यादी वेगळी करावी, म्हणजे ताडून पाहता येईल!