कुणाची पोर?

‘स्टार वॉर्स’ हे नाव तुमच्या कानावरून गेलं असेल. चित्रपट पाहिला असेलच असं नाही. जॉर्ज लुकस या अमेरिकी दिग्दर्शकानं १९७७ साली ही गोष्ट सुरू केली आणि डिसेंबर २०१९ मध्ये ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ या नवव्या भागानं ती संपली. ४२ वर्षं! यानं आणि परग्रह असले तरी हे विज्ञान नव्हे, परीकथाच. राक्षस आहे, राजकन्या आहे, गुरू आहे, फक्त तलवारी तेवढ्या उजेडाच्या.

मी कॉलेजात असताना पहिला चित्रपट व्हिडिओवर पाहिला. इंग्रजी निम्मं डोक्यावरून गेलं, गोष्ट मात्र कळली. वाळवंटात काकाच्या शेतावर हवेतलं पाणी गोळा करत राबणारा ल्यूक नावाचा पोरगा एका साम्राज्याशी लढायला निघतो. नीरेच्या कालव्यावर वाढलेल्या, पाण्याची पाळी सांभाळणाऱ्या आम्हा पणदऱ्याच्या पोरांना तो लगेच आपल्यातला वाटला.

पुढे काय झालं पाहा. काळ्या मुखवट्याच्या डार्थ व्हेडरनं ल्यूकच्या बापाला मारलं, असं पहिल्या चित्रपटात सांगितलं होतं. १९८० च्या चित्रपटात व्हेडर हाच बाप निघाला. १९८३ मध्ये राजकन्या लेया ल्यूकची जुळी बहीण निघाली. मालिका लांबवणाऱ्या लेखकाची ही सोय असते. नवं पात्र प्रेक्षकाच्या मनात रुजायला वेळ लागतो. ते जुन्याचं नातेवाईक निघालं की एका वाक्यात काम होतं. रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसणाऱ्यांना हे मी काय सांगणार! पण त्यापायी विश्व एवढं अफाट असूनही सगळं एकाच घरात घडू लागतं. आणि घराणं म्हणजे काय, हे आमच्या तालुक्याला कुणी समजावून सांगायला नको.

२०१२ मध्ये डिस्ने कंपनीनं लुकसची कंपनी विकत घेतली आणि २०१५ मध्ये रे नावाची नवी नायिका आली. भंगार वेचून पोट भरणारी, सोडून गेलेल्या आईबापांची वाट पाहणारी. ही कुणाची पोर, यावर चाहते दोन वर्षं भांडत होते. २०१७ च्या ‘द लास्ट जेडाय’मध्ये दिग्दर्शक रायन जॉन्सननं उत्तर दिलं: कुणाचीच नाही. आईबाप भंगारवाले, दारूच्या पैशासाठी त्यांनी तिला विकलं. तरीही शक्ती तिच्यात आहेच. खूप चाहते चिडले. मी मात्र थिएटरात एकटाच टाळ्या वाजवत होतो.

त्याचं कारण सांगतो. आमच्याकडे अनोळखी पोराला म्हातारी माणसं नाव विचारत नाहीत, ‘कुणाचा रं तू?’ असं विचारतात. त्यात मायाही असते. पण एका कविसंमेलनात सूत्रसंचालकांनी ‘मुसलमान असूनही किती सुंदर मराठी लिहितात’ अशी माझी ओळख करून दिली, तेव्हा तोच प्रश्न वेगळा ऐकू आला. भीमेपलीकडे श्रीगोंद्याला शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला, त्याला काही शतकं झाली. भाषा मला वारशानं मिळाली की मी ती वेचून घेतली, याचा हिशेब अजून मागितला जातो. म्हणून ती भंगार वेचणारी पोर मला जवळची.

आणि २०१९ मध्ये सूत्रं पुन्हा जे. जे. एब्रम्स यांच्याकडे आली. १९८३ मध्ये दरीत पडून मेलेला सम्राट पॅल्पटीन परत उभा केला गेला आणि रे त्याची नात निघाली! महाभारतात कर्ण शेवटी कुंतीचाच निघतो, तसंच हे. आधी ती एकलव्य होती, ते मला जास्त पटलं होतं.

तरी हा चित्रपट मी टाकून देणार नाही. लेया झालेल्या कॅरी फिशर २०१६ मध्येच गेल्या होत्या. आधीचं न वापरलेलं चित्रण जुळवून त्यांना निरोप दिला, तो साधला आहे. केसाळ च्यूबॅकाला १९७७ मध्ये न मिळालेलं पदक इथं मिळतं, तेव्हा आम्ही जुनी मंडळी उगाच डोळे पुसतो. शेवटी एक म्हातारी रेला आडनाव विचारते आणि रे ‘स्कायवॉकर’ सांगते. रक्ताचं नव्हे, गुरूच्या घरचं. हे अर्धं उत्तर झालं. आडनाव न सांगताही तिला तिथून पुढं जाता आलं असतं.

‘द लास्ट जेडाय’च्या शेवटी मात्र तबेला झाडणारा एक पोरगा आहे. तो हात पुढं करतो, केरसुणी आपसूक त्याच्या हातात येते आणि तो आभाळाकडे बघत उभा राहतो. त्याचा बाप कोण, हे कुणी विचारत नाही. नवव्या भागात तो पोरगा कुठंच दिसत नाही.