चेतावर्तन चाचणी

चेतावर्तन चाचणी, अर्थात न्यूरोबिहेवियरल टेस्ट, ही शिसे, पारा, सेंद्रिय द्रावके, कीटकनाशके आदींच्या संपर्कात काम करणाऱ्यांची स्मरणशक्ती, अवधान, हस्तकौशल्य व प्रतिसादाचा वेग मोजण्याची पद्धत आहे. हात थरथरणे, तोल जाणे अशी उघड लक्षणे दिसण्यापूर्वीच चेतासंस्थेवरील परिणाम ओळखणे, हा तिचा उद्देश होय.

फिनलंडमधील मानसशास्त्रज्ञ हेलेना हॅनिनेन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. व्हिस्कोज रेयॉनच्या उत्पादनात कार्बन डायसल्फाइड वापरतात. त्याची विषबाधा झालेले, केवळ संपर्कात असलेले आणि संपर्क नसलेले अशा तीन गटांची त्यांनी तुलना केली. आजारी न ठरलेल्या दुसऱ्या गटातही बदल आढळले. विषबाधेची सुप्त अवस्था असते, हे त्यातून पुढे आले.

१९८० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने सात चाचण्यांचा संच सुचवला. ऐकलेले अंक सरळ व उलट क्रमाने म्हणणे, अंकांखाली नेमून दिलेली चिन्हे भरणे, लहान वर्तुळांत भराभर ठिपके देणे इत्यादींचा त्यात समावेश आहे.

गुणांवर वय, मद्यपान आणि विशेषतः शालेय शिक्षण यांचा प्रभाव पडतो. पेन्सिल क्वचितच हाती धरलेला शेतमजूर चिन्हे भरण्यात मागे पडला, तर तो कीटकनाशकाचाच परिणाम म्हणता येत नाही. म्हणून तुलनेचा गट समान वयाचा व शिक्षणाचा निवडतात. गटांच्या सरासरीतील फरक असा दाखवता येतो. एकट्या कामगाराचा नुकसानभरपाईचा दावा मात्र केवळ या गुणांवर सिद्ध करणे अवघड असते, कारण कामावर रुजू होतानाचे त्याचे गुण बहुधा नोंदलेलेच नसतात.