शाळेचा आराखडा: सही करण्याआधी वाचून घेऊ या



बचत गटात कर्जाच्या ठरावावर सही करण्याआधी आपण विचारतो: रक्कम किती, कशासाठी, परतफेड कधी? पण गावच्या जिल्हा परिषद शाळेतून कागद आला की "गुरुजींनी लिहिलंय ना" म्हणत आपण सही करून मोकळ्या होतो. त्या कागदांपैकी एक आपल्या लेकरांच्या शिकण्याशी थेट जोडलेला आहे. त्याचं नाव शाळा विकास आराखडा. आज आम्ही त्याबद्दलच सांगणार आहोत.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि ५० टक्के महिला असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांमधून निवडतात आणि मुख्याध्यापक सचिव असतात. कलम २२ सांगतं की आराखडा ही समितीच तयार करेल. म्हणजे तो आपला कागद आहे.

आराखड्यात पट किती राहील, शिक्षक किती लागतील, खोल्या, पाणी, शौचालय आणि खर्च किती, हे लिहायचं असतं. ते गरजेचंच आहे. मुलींचं शौचालय नीट नसेल तर वयात आलेली पोर शाळेत यायला कंटाळते. पण रंगवलेल्या भिंतीच्या आत बसलेल्या पोराला वाचता येतं का, हे भिंत सांगत नाही. तो रकाना आपण जोडायचा.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केलं. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं करता यावीत, हे त्याचं ध्येय आहे आणि त्यासाठी २०२६-२७ पर्यंतची मुदत ठेवली आहे. तिसरीच का? तिथपर्यंत मूल वाचायला शिकतं, पुढे वाचून शिकतं. ज्याला चौथीत वाचता येत नाही, त्याला परिसर अभ्यासही कळत नाही. वर्गात गप्प बसायची सवय लागते आणि पुढे शाळाच सुटते. गावची शाळा संपल्यावर दुसऱ्या गावी जायची वेळ येते, तेव्हा पहिली घरी बसते ती मुलगीच.

मूल कुठे आहे हे कमी शिकलेल्या आईलाही ओळखता येतं. वाचनाच्या पायऱ्या अशा: अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी, मग भागाकार. समजा तिसरीत १५ मुलं आहेत. त्यातली ६ गोष्ट वाचतात, ५ परिच्छेदावर अडतात आणि ४ अक्षरांवरच आहेत. आता आराखड्यात "गुणवत्ता वाढवणे" एवढंच लिहून चालणार नाही. "अक्षरांवरची ४ मुलं दिवाळीपर्यंत शब्द वाचतील, रोज एक तास पायरीप्रमाणे गट करून शिकवणार" असं लिहिलं, तर पुढच्या बैठकीत विचारता येतं. मुलांची नावं मात्र फळ्यावर लावायची नाहीत. आकडा समितीसमोर ठेवायचा आणि नाव फक्त त्याच्या आईबापाला सांगायचं.

कारणंही आपल्या गोंदियाची लिहावीत. कुठे घरात पोवारी बोलतात, कुठे गोंडी, हलबी किंवा छत्तीसगढी. पुस्तक मात्र मराठीचं असतं. त्या लेकराला पहिली-दुसरीत घरच्या बोलीतून समजावणारं कुणी हवं. आपल्यातलीच एखादी आजी आठवड्यातून एक दिवस शाळेत गोष्ट सांगू शकते. रोवणीच्या दिवसांत, धानकापणीत मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला पोरंही पहाटे आईसोबत निघतात. हे आधीच माहीत असतं, तर त्या आठवड्यांत धाकटी मुलं कोण सांभाळणार हेही आधीच ठरवता येतं.

शिक्षकांची बाजूही बघायला हवी. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक असतात. दोघांनी पाच वर्ग सांभाळायचे आणि माहितीचे तक्ते भरायचे. म्हणून जाब विचारायला जाऊ नका, सोबत बसायला जा. आणि विचारायला लाजूही नका. मुलाची हजेरी आणि प्रगती पालकांना नियमित सांगणं हे कलम २४ प्रमाणे शिक्षकांचं कर्तव्यच आहे.

पैशाचंही विचारा. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला पटाप्रमाणे वार्षिक अनुदान मिळतं. ते किती आलं, कशावर खर्च झालं, हे समितीत मांडलं जातं. सगळंच रंगावर न जाता वाचनाच्या पुस्तकांना काही ठेवता येईल का, हे ठरवायचा हक्क समितीला आहे.

मैत्रिणींनो, गटाच्या नोंदवहीत आपण दर महिन्याला कुणाचा हप्ता राहिला ते बघतो. कुणी मागे पडली तर तिला ओरडत नाही, तिच्या घरी जातो. शाळेतही तेच करायचं आहे. पुढच्या समिती बैठकीला तीन प्रश्न घेऊन जा. किती मुलं कोणत्या पायरीवर आहेत? मागच्या तीन महिन्यांत किती पुढे सरकली? मागे राहिलेल्यांसाठी कोण, काय, केव्हा करणार? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या, वाचून घ्या आणि मगच सही करा.